मिठाला पाणी सुटतंय? दुकान बदलण्याआधी हे बघा

लातुरात माझी खानावळ आहे. क्लाससाठी आलेली पोरं-पोरी, नांदेडपासून धाराशिवपर्यंतची, दोन्ही वेळची मिळून शंभरेक ताटं होतात. आर्द्रा लागल्या की दरवर्षी एकच ओरड सुरू होते, "काकू, डबीतून मीठच पडंना!" मग डबी टेबलावर आपटायची, भोकं टाचणीने कोरायची, आणि शेवटी झाकण काढून वरणाचाच चमचा आत घालायचा. गेले अकरा पावसाळे मी हा एकच बिघाड काढतेय. त्यातली पहिली तीन वर्षं दुकानदाराशी भांडण्यात गेली, ते पुढे सांगते.

आधी लक्षण

नुसतं "मिठाला ओल आली" म्हणून भागत नाही. ओल डब्यात नेमकी कुठं आहे, त्यावरून ती कुठून आली ते कळतं. डबा न हलवता झाकण काढा आणि एक कोरडा चमचा तळापर्यंत खुपसून बघा.

वर पापुद्रा धरलाय आणि खाली मीठ मोकळं आहे: ओल हवेतून येतेय, म्हणजे झाकण तरी सैल आहे किंवा डब्याची जागा चुकलीय.

चमच्याभोवती एकच गोळा, बाकी सगळं मोकळं: हे ओल्या हाताचं काम.

वर मोकळं आणि तळाशी पाणी: मिठात दुसरा क्षार आहे, नाहीतर डब्याखालून, भिंतीतून ओल चढतेय.

सगळं दगडासारखं, पण हाताला कोरडं: ओल येऊन गेली, आता तिची खूण राहिलीय.

डबीतलं मीठ मोकळं, पण झाकणाची भोकं बंद: गरम ताटावर डबी धरून मीठ टाकता तुम्ही. वाफ भोकांतल्या दाण्यांनाच लागते. डबी जरा बाजूला नेऊन चिमटीने टाका, किंवा भोकं मोठी असलेली डबी घ्या. याला बाकी काही तपासायची गरज नाही.

एक आकडा लक्षात ठेवा: ७५

स्वच्छ मीठ वाट्टेल त्या हवेत ओलं होत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली तरच ते वाफ ओढायला लागतं, आणि ओढत ओढत स्वतःच विरघळतं. त्याचं कारण सोपं आहे. पाण्यात आणखी विरघळणार नाही इतकं मीठ घातलं, की त्या गच्च पाण्यातून वाफ कमी उठते, साध्या पाण्याच्या पाऊणपटच. हवेत त्याहून जास्त वाफ असेल तर ती मिठात शिरते. कमी असेल तर मिठातली ओल हवेत जाते. थंडी असो की उन्हाळा, हा पाऊणपटीचा आकडा जवळजवळ हलत नाही.

आता आपल्याकडची हवा बघा. एप्रिल-मेच्या दुपारी मराठवाड्यात ओठ फुटतात, तेव्हा आर्द्रता वीस-तीसच्या घरात असते. मीठ उघडं ठेवलं तरी वाळूसारखं राहतं. जूनच्या शेवटापासून रात्री आणि पहाटे तीच हवा ऐंशी-नव्वदला जाते. पण आपल्याकडे कोकणासारखी दिवसरात्र धार नसते. पाऊस उघडीप देतो, दुपारी ऊन पडतं, आर्द्रता पुन्हा साठच्या खाली येते. म्हणजे मीठ रात्री भिजतं आणि दुपारी वाळतं. वाळताना दाण्यांच्या मधल्या त्या खाऱ्या पाण्याचं पुन्हा मीठ होतं आणि दाणे एकमेकांना चिकटवून टाकतं. ढेकूळ होतं ते असं. नुसती ओल आली तर मीठ चिखलासारखं राहील. दगड व्हायला भिजणं आणि वाळणं दोन्ही लागतं. आमच्या भागात दगड होण्याची तक्रार जास्त का, तर हवा सारखी वर-खाली होते म्हणून.

पहिली तपासणी: हात

ही फुकट आहे आणि निम्म्या घरांत इथंच प्रश्न सुटतो. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी भाकरी थापता थापता भाजीत मीठ टाकायच्या. परातीतला ओला हात झटकायचा आणि सरळ मिठात. एक दिवस डब्यात मला ज्वारीच्या पिठाचे बारके करडे गोळे दिसले, चोर सापडला. मिठात पिठाचे, हळदीचे, तिखटाचे कण दिसले तर पुढचं काही करू नका, आधी हा हात थांबवा.

एक थेंब पाणी म्हणजे थट्टा नव्हे. १०० मिली पाण्यात जवळपास ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. पण ढेकूळ व्हायला सगळं मीठ विरघळावं लागत नाही, दाणे नुसते भिजले तरी पुरे; ओल्या हातावरून मिलीलीटरभर पाणी पडलं तर ते पाव-अर्धा चमचा मिठाची ढेकळी करायला पुरतं, आणि ती वाळली की आजूबाजूचे दाणेही धरून ठेवते.

उपाय: मोठ्या डब्यात हात घालायचाच नाही. ओट्यावर एक वाटीभर मीठ, दिवसाला लागेल तेवढंच, त्यात लाकडी किंवा प्लास्टिकचा कायमचा चमचा. वाटी ओली झाली तर एक वाटी गेली, डबा वाचला.

दुसरी तपासणी: डब्याची जागा

शेगडीच्या वरचं फडताळ ही मिठासाठी घरातली सगळ्यात वाईट जागा, आणि नव्वद टक्के घरांत मीठ तिथंच असतं, कारण हाताशी येतं. आमच्याकडे भाताचं मोठं भगुनं उकळतं, झाकण काढलं की वाफेचा लोट सरळ वर. बाहेर कडक ऊन असलं तरी त्या फळीपाशी पावसाळा. संशय असेल तर एक कोरडी स्टीलची ताटली त्या फळीवर उभी ठेवा आणि भात लावा. दहा मिनिटांत ताटलीवर दव दिसलं तर मिठाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

डबा शेगडीपासून चार-पाच हात लांब न्या, पाण्याच्या माठापासून आणि धुण्याच्या मोरीपासूनही.

आता ज्या गोष्टीने मला पंधरा दिवस छळलं ती सांगते. मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि जेवणाच्या खोलीतल्या डब्यांमध्ये मीठ ओलं! स्वयंपाकघरातलं मीठ मात्र खडखडीत. मला वाटलं पोरं मुद्दाम पाणी घालतात, एकदोघांना बोललेही. मग एका रात्री जेवणं झाल्यावर मी तिथंच टेबलाशी बसले. मानेला गारवा लागला, हात टेबलावर ठेवला तर तो चिकट. समोर कूलर. वाळ्याच्या ताट्या नव्या बसवलेल्या, टाकी भरलेली, आणि खिडक्या दारं बंद कारण "थंड हवा बाहेर जाते". कूलर हवा थंड करतो तो पाणी हवेत सोडूनच. खिडकी बंद असली की तीच दमट हवा खोलीत फिरत राहते आणि ७५ ओलांडते. दुसऱ्या दिवशी समोरची खिडकी उघडी ठेवली, डब्या कूलरच्या झोतातून काढून भिंतीकडच्या कपाटात ठेवल्या. मीठ सुटलं, आणि खोलीही जास्त गार वाटायला लागली. ज्या दोघांना बोलले होते त्यांना त्या रविवारी धपाटे जास्तीचे वाढले.

मराठवाड्यात उन्हाळ्यात मिठाला ओल येत असेल तर दुसरं काही शोधण्याआधी कूलर बघा.

तिसरी तपासणी: झाकण आणि भांडं

कागदाची एक पट्टी घ्या, काठावर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथून हवाही जाते. चारही बाजूंनी करून बघा, कारण स्टीलच्या डब्याचं झाकण बहुधा एकाच बाजूला वाकलेलं असतं. रिकामा डबा बंद करून पाण्यात दाबला तर बुडबुडे कुठून येतात तेही दिसतं.

आणि स्टीलचा डबा मिठाला वापरूच नका. ओल्या मिठातलं क्लोराइड स्टीलवरचा पातळ संरक्षक थर एका जागी खातं. आधी तपकिरी ठिपका, मग सुईच्या टोकाएवढं भोक. माझा एक चांगला जाड डबा असाच तळाला गळायला लागला. अॅल्युमिनियमचं त्याहून लवकर होतं. काचेची नाहीतर चिनीमातीची बरणी घ्या, रबराच्या कड्याच्या झाकणाची बरणी असेल तर उत्तमच. लोणच्याची रिकामी बरणी चालते, फक्त धुतल्यावर दिवसभर उन्हात वाळवा. घाईने पुसून भरलेल्या बरणीच्या झाकणातलं पाणी पुढे आठ दिवस मिठात उतरत राहतं.

तांदळाचे दाणे घालावेत का? घाला, पण भाजून, आणि त्याच्याकडून फार मागू नका. कच्च्या तांदळात आधीच बारा-तेरा टक्के पाणी असतं, ते आणखी किती पिणार? तेच तांदूळ कोरडे भाजले तर चमचाभर तांदूळ सुमारे एक ग्रॅम पाणी ओढतील. टेबलावरच्या डबीला आठवडाभर पुरे, पाच किलोच्या डब्याला काहीच नाही. तांदळाचा खरा उपयोग असा की डबी हलवली की दाणे आत आपटून गुठळ्या फोडतात. औषधांच्या, बुटांच्या खोक्यातल्या पुड्या मिठात टाकू नका, फुटली तर निवडत बसाल. आणि कुणी चुन्याची कळी फडताळात ठेवायला सांगितली तर ऐकू नका. पाणी लागलं की ती तापते, डोळ्यात गेली तर फार वाईट.

चौथी तपासणी: मीठ कोणतं

दोन कोरड्या वाट्या घ्या. एकीत तुमचं मीठ, दुसरीत शेजारच्या घरातलं, ज्याबद्दल तक्रार नाही असं. दोन्ही एकाच जागी, शेगडीपासून लांब, रात्रभर उघड्या ठेवा. दोन्ही ओली झाली तर दोष हवेचा. तुमचंच ओलं झालं तर दोष मिठाचा.

मिठात काय असतं? समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. मिठागरात पाणी आटतं तसं साधं मीठ आधी खाली बसतं आणि मॅग्नेशियम मागच्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी नीट निथळलं नाही, मीठ धुतलं गेलं नाही, तर तो क्षार खड्यांना चिकटून आपल्यापर्यंत येतो. त्याची भूक मोठी. ७५ची वाट न बघता तो ३३ टक्क्यांपासूनच हवेतलं पाणी ओढतो. म्हणून जाड मिठाच्या पोत्याला दिवाळीतही पाझर असतो आणि पुडीतलं बारीक मीठ कोरडं राहतं. चवीलाही असं मीठ मागून किंचित कडसर लागतं.

माझी आजी जाड मीठ तळाला भोक पाडलेल्या गाडग्यात भरून टांगायची, खाली वाटी. पावसाळ्यात वाटीत पाणी जमायचं, ते ती स्वयंपाकात घ्यायची नाही, "त्यातला कडूपणा गळतोय" म्हणायची. बरोबरच होतं तिचं. जो क्षार आधी विरघळतो तोच आधी गळून जातो, मागे उरतं ते जास्त शुद्ध मीठ. आमच्या गावाला मीठ आणणारे लमाण असत हे ती तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची. लमाण हा शब्दच लवणावरून आला असं मानतात. समुद्र इथून इतका लांब, की मीठ बैलाच्या पाठीवर यायचं. एक खडाही वाया घालवणं तिला पाप वाटे.

पुडीवर बारीक अक्षरांत ५३६ किंवा ५५१ असे आकडे दिसतील. हे दाणे मोकळे ठेवणारे पदार्थ आहेत. ५५१ म्हणजे सिलिकाची बारीक पूड, ती दाण्यांच्या मध्ये बसते. ५३६ अगदी किंचित घालतात, त्याने वाळताना दाण्यांमधले सांधे पक्के बनत नाहीत. यांच्यामुळे ढेकूळ होणं लांबतं, पण हवा ८५ला गेली तर हेही पाणी अडवू शकत नाहीत. त्यामुळे महाग पुडी घेतली म्हणजे झाकण उघडं टाकायची मुभा मिळाली असं नाही.

ओलीला कंटाळून थेट सैंधवावर जाणारे बरेच आहेत. सैंधवात आयोडीन बहुधा नसतं, पुडीवर तसं लिहिलेलं असल्याशिवाय धरू नका. आयोडीनयुक्त मिठात गिऱ्हाइकाच्या हातात पडताना किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे, आणि कारखान्यातून निघताना त्याहून जास्त. मधली घट धरलेली असते, आणि ती घट ओलीमुळे वाढते. कमी सोडियमचं मीठही मिळतं. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. घरात किडनीचा किंवा बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, डबी कोरडी राहावी म्हणून तर मुळीच नको.

ओलं झालेलं मीठ कोरडं करायचं असेल तर जाड मीठ तव्यावर मंद आचेवर परता, तोंड लांब ठेवा, खड्यांच्या पोटात अडकलेलं पाणी तापून खडे तडतड उडतात. आयोडीनचं बारीक मीठ फार भाजू नका, लागेल तेवढंच दोन-तीन मिनिटं गरम करा. कोमट झाल्यावरच बरणीत भरा. गरम भरलं तर झाकणाला घाम येतो आणि पहिलेपासून सुरू.

पाचवी तपासणी: हवा मोजा

इथपर्यंत येऊनही मीठ ओलंच होत असेल तर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा, दोन-चारशे रुपयांत मिळतं. स्वस्त यंत्र खोटं बोलतं, पण ते तपासायला घरातच खात्रीची वस्तू आहे, ती म्हणजे मीठ. बाटलीच्या टोपणात दोन चमचे मीठ, त्यावर थेंब-थेंब पाणी, चिखल होईपर्यंत, विरघळेपर्यंत नाही. टोपण आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. यंत्राने ७५ दाखवायला हवं. ८० दाखवलं तर पुढे प्रत्येक वेळी पाच वजा करा.

मग ते यंत्र मिठाच्या डब्याशेजारी दोन दिवस ठेवा. फक्त स्वयंपाकाच्या वेळेला आकडा वर जात असेल तर खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा एवढाच प्रश्न आहे. भांडी धुऊन झाल्यावरही पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवा. बाहेर कोरडं असताना आत रात्रंदिवस ७५च्या वर असेल, तर हवेचा दोष नाही. घरात कुठेतरी पाणी आहे.

सहावी तपासणी: भिंत, आणि इथं थांबा

आता ते दुकानदाराचं. आमच्या कोठीच्या खोलीत जाड मिठाचं पोतं भिंतीला टेकून असायचं. तळाशी कायम पाणी. मी तीन दुकानं बदलली, एकाला तर चार लोकांत "भिजलेला माल देता" म्हणाले. चौथ्या पोत्याचं तेच झालं तेव्हा पोतं ओढून मागे बघितलं. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेले, त्याखाली पांढरी बुरशीसारखी पूड. हात लावला की प्लास्टर भुरभुर गळत होतं. लोणा.

लोणा म्हणजे भिंतीतले क्षारच. विटा-मातीतून पाणी चढतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक प्लास्टर फोडतात. वर हे क्षारही हवेतलं पाणी ओढतात, म्हणून पावसाळ्यात अशी भिंत पाऊस न लागताही ओली दिसते. जुन्या माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

पाणी भिंतीतून येतं की हवेतून, हे ओळखायला हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते भिंतीतलं. बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेतलं. आमचं आतल्या बाजूला होतं. पलीकडे न्हाणीघर, आणि त्याच्या नळाचा भिंतीतला सांधा कुणास ठाऊक किती वर्षं झिरपत होता.

तोपर्यंत तुमच्या हातात एवढंच आहे: पोतं भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वर, लाकडी पाटावर ठेवायचं. यापुढे स्वतः काही करू नका. लोणा धरलेल्या भिंतीवर रंग मारू नका, सिमेंट थापू नका, पाणी दुसरीकडून वर निघतं आणि मग गवंड्यालाही मूळ सापडत नाही. ओल न्हाणीघराच्या किंवा मोरीच्या बाजूला असेल तर प्लंबर, वरून उतरत असेल तर गच्ची करणारा गवंडी, जमिनीपासून चढत असेल तरी गवंडीच. त्याला आधी कारण दाखवायला लावा, मग दर विचारा.

आणि त्या ओल्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल, किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मिठाचं पोतंही हलवायला जाऊ नका. मेन स्विच कोरड्या जागी असेल तर कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्या भिंतीशेजारच्या नळाला तोवर कुणी हात लावायचा नाही.

जे मीठ आधीच पातळ झालंय ते फेकू नका, त्यात कचरा पडला नसेल तर. गच्च खाऱ्या पाण्यात रोगाचे जंतू वाढत नाहीत. आयोडीनच्या मिठाचं असेल तर आयोडीनही त्या पाण्यात उतरलेलं असतं, म्हणून ते पाणी वरणात, कणकेत चव बघत घाला. जाड मिठाच्या तळाचं कडू पाणी मात्र मोरीत ओता. तुळशीत नको, एकदा ओतलं होतं, आठ दिवसांत वाळली.